पेढीचे जुने दप्तर कसे लावावे आणि कसे वाचावे

जुन्या नाशकात एखादा वाडा उतरवायचे ठरले, की माळ्यावरून किंवा भिंतीतल्या फडताळातून लाल कापडात बांधलेले रुमाल निघतात. घरातल्या एका पूर्वजाची एकोणिसाव्या शतकात सराफ बाजारात किंवा रविवार पेठेत पेढी होती आणि त्याने गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, पायऱ्या किंवा पंचवटीत धर्मशाळा बांधली, एवढे घरच्यांना ठाऊक असते. पण कागद मोडी लिपीत असल्यामुळे त्यांत काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही. मग बहुधा असे होते, की सनद, दानपत्र, इंग्रज अधिकाऱ्याच्या सहीचे पत्र असे दिसायला भारदस्त चार कागद चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावले जातात आणि हिशेबाच्या वह्या रद्दीत जातात. हे मार्गदर्शन मुख्यतः त्या वह्या वाचाव्यात म्हणून लिहिले आहे. दात्याने काय दिले हे घाटावरच्या शिलालेखातही सापडते. ते धन कोठून आले, कोणत्या वर्षी किती ओढाताणीत दिले, कोणाची मागणी नाकारली आणि बांधलेली धर्मशाळा पुढे कशावर चालली, हे मात्र पेढीच्या चोपड्याच सांगतात. म्हणून पुढच्या सर्व सूचनांमागे एकच आग्रह आहे, तो म्हणजे दानाचे कागद आणि व्यापाराचे कागद एकमेकांपासून तोडू नयेत.

रुमाल सोडण्यापूर्वी

दप्तर हाती आले की ते झाडूनपुसून, विषयवार गठ्ठे करून लावावे असे वाटते. तसे करू नये. कागद ज्या क्रमाने बांधलेले आहेत तो क्रम मुनिमाने किंवा स्वतः मालकाने ठरवलेला असतो, आणि बिनतारखेच्या, बिनसहीच्या एखाद्या चिठ्ठीचा अर्थ तिच्या वरच्या-खालच्या कागदांवरूनच लागतो. धर्मशाळेच्या बांधकामासाठी आणलेल्या चुन्याची पावती कापूसखरेदीच्या पुडक्यात निघाली, तर ती तेथे चुकून पडली असे लगेच मानू नये. त्या वर्षी बांधकामाचा खर्च कापसाच्या खात्यातून भागवला गेला असण्याची ती खूण असू शकते. ती पावती उचलून आपण ‘धर्मकार्य’ नावाच्या नव्या फायलीत ठेवली, की हा पुरावा कायमचा नाहीसा होतो.

म्हणून सर्वप्रथम दप्तर जेथे सापडले त्या जागेचे, न सोडलेल्या रुमालांचे आणि त्यांच्या गाठींत खोचलेल्या चिठ्ठ्यांचे छायाचित्र घ्यावे. मग प्रत्येक रुमालाला एक क्रमांक द्यावा, आतल्या प्रत्येक पुडक्याला त्याखालचा क्रमांक द्यावा आणि पुडक्यातल्या कागदांना वरून खाली क्रमाने आकडे द्यावेत. हे आकडे मऊ शिसपेन्सिलीने, कागदाच्या कोऱ्या कोपऱ्यात, अगदी लहान लिहावेत. बॉलपेन, मार्कर आणि चिकटपट्टी यांना या कामात कधीही जागा नाही. सुतळीत ओवलेल्या पावत्या सुतळीतच राहू द्याव्यात. लखोटे फेकू नयेत, कारण १८५४ मध्ये देशभर टपाल तिकिटे सुरू झाल्यानंतरच्या पत्रांत तारीख नसली तरी लखोट्यावरच्या शिक्क्यात ती सापडते. जुने लखोटे, तिकिटे आणि मुद्रांकाचे कागद जमवणाऱ्या संग्राहकांना तिकिटाचा भाग कापून देण्याची चूक अनेक घरांत झालेली आहे, आणि त्यामुळे खाली उरलेला मजकूर निनावी होऊन बसला आहे.

कागदाची प्रकृती ओळखावी

एकाच दप्तरात साधारणपणे दोन-तीन प्रकारचे कागद असतात आणि त्यांची काळजी एकसारखी घेता येत नाही. शतकाच्या पूर्वार्धातला जुन्नरी, दौलताबादी असा हातकागद घोटून गुळगुळीत केलेला असतो आणि तो आश्चर्य वाटावे इतका टिकतो. त्यावरची काजळाची शाई उन्हाने फिकी पडत नाही, मात्र पाणी लागताच पसरते, म्हणून ओल्या फडक्याने डाग पुसण्याचा विचारही करू नये. अक्षरांवर चिकटलेले बारीक वाळूचे कण ही घाण नसून शाई सुकवण्यासाठी भुरभुरलेली त्या काळची वाळू असते. पुढे इंग्रजी पत्रव्यवहारासाठी विलायती यंत्रकागद येतो. तो उजेडासमोर धरला की जलचिन्ह दिसते, आणि त्यात कधीकधी कारखान्याच्या नावासोबत वर्षही असते. अर्थात पत्र त्या वर्षीचे किंवा त्यानंतरचे, एवढेच त्यावरून ठरते. या कागदावरची लोहयुक्त शाई तपकिरी होऊन कागद खात जाते. शतकाच्या शेवटच्या दशकांतला लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद सर्वांत नाजूक असून त्याची घडी उलगडतानाच तो तुटतो. अशा घड्या घाईने उघडू नयेत.

नाशिकच्या पावसाळ्यात ही कामे काढू नयेत. हिवाळा किंवा उन्हाळ्याची सुरुवात हा योग्य काळ आहे. कागद सावलीत, मऊ रुंद ब्रशाने, मधल्या भागाकडून कडेकडे झाडावेत. बुरशी असेल तर नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी आणि ते पुडके इतरांपासून वेगळे ठेवावे, पण त्याचा क्रमांक कायम ठेवावा. ओले झालेले कागद उन्हात वाळवू नयेत. टीपकागदांच्या मध्ये ठेवून पंख्याच्या मंद वाऱ्यावर सुकवावेत. प्लास्टिकचे लॅमिनेशन हा कागदाचा सर्वांत मोठा शत्रू आहे, कारण ते पुन्हा निघत नाही. जुने रुमाल फाटले असतील तर नवे मांजरपाट कापड दोनदा धुऊन, त्यातली खळ पूर्ण काढून मग वापरावे. वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवण्याची घरोघरची रीत चांगली आहे. फक्त त्या कागदाला लागून ठेवू नयेत. वाळवी आणि कसर यांवर खरा उपाय म्हणजे भिंतीपासून दूर असलेले लोखंडी कपाट आणि वर्षातून दोनदा उघडून पाहणे.

कोणत्या लिपीत आहे आणि कोणत्या वर्षीचे आहे

नाशिकच्या व्यापाऱ्याच्या दप्तरात सगळेच मोडी असेल असे समजू नये. मराठी पेढ्यांचे हिशेब मोडीत असतात. मारवाडी पेढ्यांच्या वह्या महाजनी ऊर्फ मुडिया लिपीत आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या वह्या शिरोरेषा नसलेल्या गुजराती अक्षरांत असतात. मोडी वाचणाऱ्याला महाजनी वाचता येतेच असे नाही. महाजनीत स्वरचिन्हे बहुधा लिहिलेलीच नसतात, त्यामुळे तेथे माणसाचे किंवा गावाचे नाव दुसऱ्या पुराव्याशिवाय निश्चित मानू नये. मोडी शिकायची असेल तर राज्य पुराभिलेख संचालनालय वेळोवेळी प्रशिक्षणवर्ग घेते. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून मग तिच्याखाली अक्षरे लिहिलेली असतात, शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, आणि मार्फत, हस्ते, गुजारत, पैकी असे नेहमीचे शब्द पहिल्या अक्षरावर खूण करून संपवलेले असतात. नवशिक्याने पत्रांपासून सुरुवात न करता खतावणीपासून, म्हणजे खातेवार हिशेबाच्या वहीपासून, करावी असे माझे ठाम मत आहे, कारण तेथे तेच शब्द, तीच नावे आणि तेच आकडे पुन्हा पुन्हा येतात आणि आठवड्याभरात डोळा बसतो.

कालगणना हा यातला सर्वांत अधिक चुका होणारा भाग आहे, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. मात्र साधारण जानेवारीपासून शकवर्ष संपेपर्यंतच्या तिथींसाठी ७९ मिळवावे लागतात. शके १७८२ चा चैत्र हा १८६० चा आणि त्याच शकाचा फाल्गुन हा १८६१ चा. गुजराती पेढ्यांचे विक्रम संवताचे वर्ष दिवाळीच्या पाडव्याला सुरू होते. १८६० च्या पाडव्याला संवत १९१७ लागला, म्हणजे पाडव्यापासून डिसेंबरअखेर ५७ आणि जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६ वजा करायचे. महसुलाच्या कागदांवर फसली सन असतो आणि तो जून-जुलैच्या सुमारास बदलतो. दख्खनी फसली १२७० म्हणजे १८६०–६१. शतकाच्या सुरुवातीच्या कागदांवर अरबी शब्दांत लिहिलेला सुहूर सन भेटतो, त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे मृगापर्यंत ६०० मिळवावे. ‘समान अशर मयातैन व अलफ’ म्हणजे आठ, दहा, दोनशे आणि हजार, अर्थात १२१८, म्हणजे १८१७–१८, ज्या वर्षी पेशवाई बुडाली आणि नाशिक ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेले. मारवाडी कागदांत महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे आपल्याकडचा भाद्रपद वद्य पक्ष त्यांच्याकडे आश्विन बदी म्हणून लिहिलेला असतो. तिथीसोबत वार दिला असेल तर जुन्या पंचांगाशी तो अवश्य ताडून पाहावा. यादीत तारीख लिहिताना मूळ कागदावरची तिथी जशीच्या तशी उतरवावी आणि आपण काढलेली इंग्रजी तारीख तिच्याशेजारी चौकटी कंसात द्यावी, म्हणजे आपला हिशेब चुकला असल्यास पुढच्या वाचकाला तो सुधारता येईल.

चोपड्या वाचताना

रोजच्या व्यवहाराची कच्ची नोंद खर्ड्यात, तिची तारीखवार पक्की नोंद कीर्दीत आणि माणसामाणसाचा किंवा विषयाचा हिशेब खतावणीत, अशी ही साखळी असते. खतावणीतल्या प्रत्येक रकमेपुढे कीर्दीच्या पानाचा आकडा असतो. तो धरून मागे गेले की ती रक्कम कोणत्या दिवशी, कोणाच्या हस्ते आली हे कळते. जमा (आलेली रक्कम) आणि नावे (दिलेली रक्कम) या दोन बाजू नीट ओळखता येईपर्यंत कोणताही निष्कर्ष काढू नये. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै, एवढे सर्वांना माहीत असते. लिहिण्याची पद्धत मात्र विसरली गेली आहे. रुपयांच्या आकड्यापुढची प्रत्येक उभी रेघ म्हणजे पावला, म्हणजे चार आणे, आणि त्यापुढची प्रत्येक लहान आडवी किंवा तिरकी रेघ म्हणजे एक आणा. पाचाच्या आकड्यापुढे तीन उभ्या आणि दोन आडव्या रेघा असतील तर ते पाच रुपये चौदा आणे होत.

रुपया कोणता, हेही पाहावे लागते. १८३५ मध्ये कंपनी सरकारने सर्वत्र एकाच वजनाचा रुपया ठरवला, पण त्याआधी आणि त्यानंतर काही वर्षे या भागात चांदवडच्या टांकसाळीतला चांदवडी, अंकुशी असे निरनिराळे रुपये चालत आणि त्यांच्या अदलाबदलीत बट्टा, म्हणजे किमतीतला फरक, कापला जाई. चांदवडी रुपयांत लिहिलेले दान कंपनीच्या रुपयांत लिहिलेल्या दानाशी सरळ जोडून बेरीज केली, तर ती बेरीज खोटी ठरते.

आता या दप्तराचा गाभा. खतावणीत ‘धर्मादाय’ नावाचे खाते शोधावे. पेढीवर होणाऱ्या खरेदी-विक्रीवर अगदी लहान दराने धर्मादायाची रक्कम कापून ती या खात्यात जमा करण्याची रीत व्यापाऱ्यांत सर्रास होती, आणि ही रक्कम पुष्कळदा गिऱ्हाइकाकडूनच वसूल होई. त्यामुळे अन्नछत्राला दिलेली रक्कम या खात्यातून गेली असेल, तर ती एका माणसाची देणगी नसून बाजाराने मिळून दिलेली देणगी असते आणि पेढीचा मालक ती विश्वासाने वाटणारा असतो. याउलट रक्कम मालकाच्या घरखर्चाच्या किंवा स्वतःच्या खात्यावर नावे पडली असेल, तर ते दान त्याचे स्वतःचे. आणखी एक प्रकार असतो. देवस्थानाची, मठाची किंवा एखाद्या विधवेची ठेव पेढीवर जमा असे आणि तिचे व्याज दरसाल दिले जाई. हे व्याज घराण्याच्या आठवणीत पुढे ‘आमच्या पणजोबांनी लावून दिलेली नेमणूक’ म्हणून रुजते. अशा वेळी मुद्दल कोणाचे होते हे पाहिल्याशिवाय ते दान म्हणू नये. यात पूर्वजाचा अपमान नाही. दुसऱ्याची ठेव दुष्काळात आणि मंदीतही सांभाळून तिचे व्याज वेळेवर पोचवणे ही माझ्या मते धर्मशाळा बांधण्याइतकीच मोठी गोष्ट आहे.

खात्यांतले चढउतार बाहेरच्या घटनांशी ताडावेत. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, कापसाचा भाव भडकला आणि युद्ध संपताच मुंबईतल्या अनेक पेढ्या बसल्या. त्याच दशकात थळ घाटातून आगगाडी आली आणि आग्रा रोडवरची वाहतूक स्टेशनांकडे वळली. १८७६–७८ आणि १८९९–१९०० चे दुष्काळ, १८९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली प्लेगची साथ आणि बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ यांच्या खुणा धान्याच्या खरेदीत, बुडीत कर्जात आणि अन्नछत्राच्या खर्चात उमटलेल्या असतात.

हुंड्यांकडे, म्हणजे दुसऱ्या पेढीने रक्कम द्यावी म्हणून लिहिलेल्या चिठ्ठ्यांकडे, स्वतंत्र लक्ष द्यावे. दर्शनी हुंडी दाखवताच वटवायची आणि मुदती हुंडी ठरल्या दिवशी. खाडाखोड होऊ नये म्हणून रक्कम आकड्यात, अक्षरात आणि ‘निमे इतके त्याचे दुप्पट’ अशी पुन्हा लिहिलेली असते. पैसे देऊन रद्द झालेल्या हुंडीला खोखा म्हणतात. अशा खोख्यांवरून पेढीचा संबंध मुंबई, इंदूर, काशी अशा कोणत्या गावांशी होता त्याचा नकाशा तयार होतो, आणि यात्रेकरूंच्या गावी तो दाट असतो.

गहाणखते, कर्जरोखे आणि शेतकऱ्यांवरचे दावे हे कागद घरच्यांना नकोसे वाटतात. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, हा इतिहास सर्वांना माहीत आहे, आणि आपल्या पूर्वजाचे नाव त्या बाजूला दिसू नये अशी इच्छा समजण्यासारखी आहे. तरीही हे कागद एकही कमी न करता ठेवावेत. त्यांत ज्या कुणब्यांची, तांबटांची, येवल्याच्या विणकरांची नावे आहेत, त्यांच्या घराण्यांविषयीचा तेवढाच लेखी पुरावा कदाचित शिल्लक असेल. मुंबईचे व्यापारी जमशेटजी जीजीभॉय यांचे उदाहरण येथे उपयोगी पडते. रुग्णालय, कलाशाळा, माहीमच्या पुलासाठी त्यांच्या पत्नी आवाबाई यांनी १८४५ पर्यंत दिलेले १,५७,००० रुपये, हे सर्व लोकांसमोर होतेच. पण त्यांच्या पत्रांच्या नकलवह्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आणि जार्डिन मॅथेसन या ब्रिटिश व्यापारी कंपनीला गेलेली त्यांची पत्रे केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात टिकून राहिली, म्हणूनच चीनशी चाललेला कापसाचा आणि अफूचा व्यापार आणि त्यातून उभे राहिलेले दान यांचा एकत्र अभ्यास होऊ शकला.

पत्रे

पत्राचा मायना वाचूनच नाते कळते: तीर्थरूप, चिरंजीव, राजश्री, वेदशास्त्रसंपन्न यांतले कोणते विशेषण कोणाला लावले आहे ते यादीत नोंदवावे. आलेली पत्रे मूळ असतात, गेलेली पत्रे नकलवहीत असतात. नकलवही असेल तर ती दप्तरातली सर्वांत मोलाची वस्तू समजावी, कारण मालकाने नाही म्हटलेल्या मागण्या तेथेच सापडतात. शतकाच्या उत्तरार्धातल्या नकलवह्यांची पाने अतिशय पातळ असून अक्षर कागदाच्या मागून उमटलेले असते; ती उलटताना खाली जाड कागदाचा आधार द्यावा.

दप्तराबाहेरचे पुरावे

नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ मध्ये झाला. त्यापूर्वीचे सरकारी कागद शोधताना अहमदनगर जिल्ह्याच्या आणि मालेगाव-बागलाणाकडच्या भागासाठी खानदेशच्या नावाखाली पाहावे लागते, आणि हे माहीत नसल्यामुळे पुष्कळ जण पुण्याच्या किंवा मुंबईच्या पुराभिलेखागारातून रिकाम्या हाताने परततात. नगरपालिका १८६४ पासूनची आहे. दस्तनोंदणीचे कायदेही त्याच दशकातले. धर्मशाळा किंवा मंदिर आजही विश्वस्त संस्थेकडे असेल, तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली तिची नोंदणी झाली तेव्हाचा मूळ अर्ज आणि जोडपत्रे धर्मादाय कार्यालयातून मागवावीत. त्यांत मूळ दानपत्राची नक्कल असण्याचा संभव असतो. १८८३ चे नाशिकचे गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सरकारी माहितीपुस्तिका, सावकारी, हुंडी आणि बाजार यांची पार्श्वभूमी देते. १८४० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयात जुने ग्रंथ पाहावेत, आणि ‘ज्ञानप्रकाश’ व ‘इंदुप्रकाश’ यांच्या जुन्या अंकांत देणग्यांच्या बातम्या शोधाव्यात. नाती जुळवण्यासाठी तीर्थोपाध्यायांच्या वह्यांसारखे साधन नाही. क्षेत्री आलेल्या माणसाने आपल्या हाताने लिहिलेली पिढ्यांची नावे तेथे असतात. मात्र त्या वह्या त्यांच्या घरच्या आहेत, म्हणून रीतसर विनंती करून, त्यांच्यासमोर बसून पाहाव्यात.

यादी, छायाचित्रे आणि ठेव

यादीत रुमाल, पुडके, कागद यांचे क्रमांक, तिथी, लिहिणारा, घेणारा, लिपी, कागदाची स्थिती आणि एका वाक्यात मजकूर एवढे पुरे. न वाचता आलेला कागद ‘वाचला नाही’ असाच नोंदवावा, अंदाज लिहू नये. छायाचित्रे खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, कॅमेरा पानाला समांतर धरून, शेजारी मोजपट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी ठेवून घ्यावीत. कोऱ्या पाठीही घ्याव्यात, कारण पाठीवरचा शेरा पुष्कळदा पोटातल्या मजकुराइतकाच महत्त्वाचा असतो. फाइलीचे नाव म्हणजे त्याच कागदाचा क्रमांक असावा. तीन प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात.

घरात जागा नसेल तर पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, राज्य पुराभिलेखागार किंवा एखादे विद्यापीठ यांच्याशी बोलणे करावे. पंचाहत्तर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची हस्तलिखिते १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येतात आणि ती परदेशी नेता येत नाहीत, हे परगावच्या किंवा परदेशातल्या भाऊबंदांनाही आधीच सांगून ठेवावे. वाटणीत दप्तर भावांमध्ये विभागू नये. ज्याला हवी त्याला छायाचित्रे द्यावीत. संस्थेशी होणाऱ्या करारात दप्तर एकत्र राहील, मूळ क्रम मोडला जाणार नाही, अभ्यासकांना ते पाहता येईल आणि छायाचित्रांची एक प्रत कुटुंबाकडे राहील, या चार अटी असाव्यात. यादीची प्रत करारास जोडून तिच्या प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंनी सह्या कराव्यात, आणि सनद किंवा दानपत्र असा एखादा मूळ कागद कुटुंबाला घरीच ठेवायचा असेल, तर त्याच्या जागी त्याचा क्रमांक, तिथी आणि तो कोणाकडे आहे हे लिहिलेली चिठ्ठी त्याच पुडक्यात ठेवावी.